मदत हवी आहे: बाबा डायलिसिस चुकवायचं म्हणतात

बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त गाळणं. आता म्हणतात, "बरं वाटतंय, या वेळी राहू दे."

बरं वाटतंय ते डायलिसिसमुळेच, हे त्यांना पटत नाही. निरोगी किडनी २४ तास रक्त गाळते. मशीनला आठवड्याचे जेमतेम १२ तास मिळतात. मधल्या दिवसांत युरिया, पोटॅशियम आणि पाणी साठतच राहतं. मागे एक वेळ चुकली तेव्हा पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, आणि रात्री आडवं झालं की दम लागायचा, उशीला टेकून बसून रात्र काढली त्यांनी. सूज निदान दिसते तरी. पोटॅशियम वाढलेलं कळतही नाही आणि हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेततं, मला खरी धास्ती त्याचीच आहे.

डॉक्टरांनी समजावलंय, पण घरी आलं की पुन्हा तेच. तुमच्या घरी कुणी असं कंटाळलं होतं का? कसं समजावलंत? आणि पाणी मोजून प्यायचं असताना तहान कशी भागवता? स्वतः डायलिसिसवर असलेल्यांनी लिहिलं तर बाबांना वाचून दाखवेन, त्यांचं ते ऐकतील.