सीलिंगचं भोक मोठं, नवा एक्झॉस्ट लहान : फिटिंग कसं केलंत?

बाथरूमचा जुना एक्झॉस्ट फॅन बंद पडतो, त्याच मापाचा मिळत नाही आणि नवा वर धरला की चारी बाजूंनी फट दिसते. ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी अशी फिटिंग केली आहेत त्यांनी मापं, सामान आणि झालेल्या चुका लिहाव्यात. सीलिंग पीव्हीसीचं, जिप्समचं की पीओपीचं हे आधी सांगा, उपाय त्यावरच ठरतो.

ऐरोली, पीव्हीसी पॅनल
भोक २५० × २५० मिमी, नव्या फॅनचा डबा २०० × २०० आणि जाळी २५० × २५०. म्हणजे जाळीला टेकायला कडच उरत नाही. ५ मिमी सनबोर्डची (पीव्हीसी फोमचा हलका बोर्ड) ३०० × ३०० ची पट्टी घ्यायची आणि मध्ये २०३ × २०३ कापायचं. पट्टी सीलिंगवर चहूबाजूंनी २५ मिमी बसते. सनबोर्ड बोर्ड रंगवणाऱ्यांकडे तुकड्यात मिळतो, पाण्याने फुगत नाही, कटरने सरळ कापला जातो.

पण ही पट्टी फक्त फट झाकते, फॅनचं वजन तिच्यावर द्यायचं नाही. पीव्हीसी पॅनल आतून पोकळ असतं. त्यात मारलेला स्क्रू फॅनच्या थरथरीने काही महिन्यांत भोक रुंद करतो आणि फॅन एका बाजूला कलतो. म्हणून पॅनलच्या वर, भोकाच्या दोन बाजूंना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) चॅनलचे दोन तुकडे आडवे टाकून सीलिंगच्या मूळ फ्रेमला स्क्रूने धरायचे आणि डबा त्यांना कसायचा. चॅनल भोकातून तिरका आत जातो. आत एकच हात पुरतो, त्यामुळे स्क्रूची भोकं खालीच पाडून ठेवा. फ्रेम हाताला लागत नसेल तर भिंतीकडच्या टोकापासून एकेक पॅनल उतरवा. मधलं पॅनल ओढलं तर खाच तुटते आणि त्या रंगाचं नवं मिळणं कठीण.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. काळे ड्रायवॉल स्क्रू बाथरूमच्या वाफेत गंजतात आणि पांढऱ्या पॅनलवर तांबडे ओघळ येतात.

घोडबंदर रोड, जिप्सम बोर्ड
जिप्सममध्ये आधी भोकाची कड अंगठ्याने दाबून बघा. दबली तर बोर्डाने पाणी प्यायलंय, तिथे पट्टी टिकणार नाही. कडक बोर्ड लागेपर्यंत चौकोनी कापत मागे जा. वरून चारी बाजूंना चॅनलचे तुकडे, चॅनलची निम्मी रुंदी जुन्या बोर्डाच्या कडेवर आणि निम्मी नव्या तुकड्यासाठी मोकळी. तुकडा १२.५ मिमीचाच, हिरवा, ओलाव्याला टिकणारा. सांध्यावर फायबर टेप आणि जॉइंटिंग कंपाउंडचे तीन पातळ हात. पावसाळ्यात हात लवकर वाळत नाहीत. घाईत रंग दिला की सांध्याची रेघ पुन्हा वर येते. नव्या फॅनचं भोक तुकडा बसवण्याआधी, जमिनीवर ठेवून पाडा.

खारघर, पीओपी
वजनासाठी १२ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायची चौकटही चालते, पण कापलेल्या कडांना प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात हवेतच. पाणी कडेतूनच शिरतं. पीओपीत थेट स्क्रू घेऊ नका, तडा भोकापासून कोपऱ्यापर्यंत धावतो.

एक कळकळीची विनंती : फॅन टांगायला वरच्या स्लॅबमध्ये फास्टनर मारू नका. तो वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचा संकन (खाली उतरवून वर भराव घातलेला) स्लॅब असतो, भरावात साचलेल्या पाण्याला वाट मिळाली की गळती तुमच्याच डोक्यावर. भिंतीपासून भिंतीपर्यंत अँगल टाका. वरच्यांचे ड्रेनेज पाइप तिथूनच जात असतील तर पट्टी चिकटवून बंद करू नका. चार स्क्रूवर निघेल अशी ठेवा, प्लंबरला तोच दरवाजा होतो.

कळवा, इलेक्ट्रिकचं काम करतो
एमसीबी पाडल्यावरही टेस्टर लावा. काही जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर असतो, तेव्हा बटण बंद असूनही फॅनच्या टोकाला फेज राहतो. तो आधी दुरुस्त करून घ्या. वायर १ चौरस मिमी, तीन तारांची. पत्र्याच्या डब्याला अर्थिंग सोडू नका. जोड उघडा टेप मारून सीलिंगवर टाकून देतात, तो जंक्शन बॉक्समध्येच घ्या. शॉवरच्या जवळ फॅन असेल तर आयपीएक्स४चा (पाण्याच्या शिंतोड्यांना टिकणारा) घ्या आणि लाइनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवी.

नेरूळ, पाइपविषयी
जुना पाइप ६ इंची आणि नवा फॅन ४ इंची असेल तर रिड्यूसर लावून चालतं. उलटं करू नका. ६ इंची फॅन ४ इंची पाइपला जोडला तर आवाज वाढतो, हवा जात नाही. फ्लेक्झिबल पाइप पूर्ण ताणून, बाहेरच्या दिशेला थोडा उतार देऊन बांधा. मध्ये झोळ राहिला की वाफेचं पाणी तिथे साचतं आणि जाळीतून ठिबकतं. लोक ते वरची गळती समजतात. ओळख सोपी आहे : फक्त गरम पाण्याच्या आंघोळीनंतर ठिबकलं तर पाइप, दिवसभर ठिबकलं तर वरचा फ्लॅट.

बाहेरच्या तोंडाला अर्ध्या इंचाची जाळी, नाहीतर कबुतरं घरटं करतात. बारीक जाळी धुळीने तुंबते. पश्चिमेकडच्या भिंतीवर आपोआप मिटणारी झडप हवीच, जुलैतला वारा पाणी थेट आत ढकलतो.

ठाणे पूर्व
सनबोर्ड आणि सीलिंगच्या मध्ये ३ मिमी फोमची टेप लावा, सिलिकॉन नको. फॅन साफ करायला उतरवावा लागतोच. टेप नसेल तर पीव्हीसी सीलिंग ढोलासारखं घुमतं आणि फॅन बाथरूमऐवजी सीलिंगच्या वरची हवा ओढत बसतो. तपासायला दार लावून टिश्यूचा कागद आधी जाळीला धरा, मग पट्टीच्या कडेला फिरवा. जाळीला चिकटला पाहिजे, कडेला हलता कामा नये. जाळीलाही चिकटत नसेल तर दाराखाली बोटभर फट आहे का बघा. आत हवा आलीच नाही तर बाहेर काय जाणार?

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर फॅन बसवण्याआधी तो बाहेर काढा. बंद खोलीत एक्झॉस्ट जळालेला वायू उलटा आत खेचू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.