गेटजवळचा साल्व्हिया

*मानसी, बी-३०४:* गेटच्या वाफ्यासाठी लाल साल्व्हियाचं बी टाकलं होतं. उगवलं छान, पण आता निम्मी रोपं मातीलगत काळी पडून आडवी झालीयत. उरलेलं बी टाकू का परत?

*जोशीकाका, ए-१०१:* रोपमर आहे ही, म्हणजे बुरशीने कोवळी रोपं बुडाशी कुजतात. पाणी जास्त आणि हवा कोंडलेली. ती माती परत वापरू नकोस. नवं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवून घट्ट पिळून घे, बी वरच भुरभुरव. मातीने झाकू नकोस, या बियाला उजेड लागतो. पाणी फवाऱ्यानेच. १०-१४ दिवसांत उगवेल. ऑक्टोबरच आहे, उशीर नाही झाला.

*मानसी:* आणि उभी आहेत ती?

*जोशीकाका:* ४ पानांची झाली असतील तर आजच वेगवेगळ्या कपांत लाव. पानाला धरून उचल, देठ चिरडला की रोप गेलं.

*शुभदाताई, सी-५०२:* पानांच्या ३-४ जोड्या झाल्या की शेंडा खुड गं. हात धजत नाही, पण न खुडलेलं रोप एक तुरा देतं आणि बसतं. वाफ्यात दोन रोपांत २५-३० सेंमी ठेव. माळीदादांना युरिया टाकू देऊ नकोस, नुसता पाला माजतो.

*ए-२०३:* तुरे कधी कापायचे? लाल तर दिसतात बरेच दिवस.

*शुभदाताई:* तिथेच फसगत होते. नळीसारखं फूल लवकर गळतं, मागे राहते ती बाहेरची लाल वाटी. ती फिकी पडायला लागली की तुऱ्याखालच्या पहिल्या पानजोडीच्या वर कापा. बी धरलं की नवे तुरे मंदावतात.

*ए-२०३:* आणि तो जांभळा, मखमली?

*जोशीकाका:* तोही साल्व्हियाच, ल्युकॅन्था जातीचा. मेक्सिकोचा. थंड देशांत तो हिमाने मरतो, पुण्यात मुळाशी साचलेल्या पावसाने. पावसाळ्यात कुंडी विटांवर, छपराखाली. दिवस लहान झाले की फुलतो, म्हणून गेटच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली नको. बहर संपला की १५-२० सेंमीवर छाटा. नवीन फूट आली की कळी नसलेली ८-१० सेंमीची फांदी पेराखाली कापून, खालची पानं काढून, जाड वाळू-कोकोपीट निम्मं निम्मं करून त्यात खोचा. सावलीत साधारण ३ आठवड्यांत मुळं धरते.

*मानसी:* काका, पानांखाली पांढरी माशीपण आहे 😐

*जोशीकाका:* आधी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा. मग लिटरला ५ मिली नीम तेल, साबणाचे दोन-चार थेंब, ऊन उतरल्यावर. आठवड्याने परत. कपातल्या कोवळ्या रोपांवर मात्र तेल नको.