मदत हवी आहे: बेडकाचं पोट फुगलंय, खाणंही बंद

पूर्ण वाढ झालेला व्हाइट्स ट्री फ्रॉग आहे. काही दिवसांपासून समोर झुरळ सोडलं तरी बघत नाही आणि पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय. हाताला गोळा लागत नाही, पाण्याच्या फुग्यासारखं डचमळतं. मांड्यांची त्वचा इतकी ताणलीय की आरपार दिसेल असं वाटतं. पायांवर लाली नाही, कातही नीट टाकतोय. शी मात्र थांबलीय.

टाकीत दिवसा २६-२७ अंश, रात्री २२ च्या खाली नाही. पाणी क्लोरीन काढलेलंच. माती काढून ओला टिश्यू पेपर अंथरलाय, दुसरा बेडूक वेगळा ठेवलाय. रोज थोडा वेळ कोमट, उथळ पाण्यात बसवून पाहिलं, फरक नाही. बळजबरीने भरवलं नाही. औषधही नाही, कारण त्वचेतून काय आणि किती आत जाईल याचीच धास्ती वाटते.

उभयचर तपासणाऱ्या डॉक्टरांची वेळ परवाची मिळालीय, त्याआधी शक्य नाही.

तोवर एवढंच सांगा: अंगात पाणी साठलं असेल तर साध्या पाण्यात बसवल्याने सूज वाढेल का? आणि अँफिबियन रिंगर्स सोल्युशन (उभयचरांसाठीचं क्षारांचं द्रावण) ज्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरलंय, त्यांनी बेडकाला त्यात किती वेळ ठेवलं होतं?