छोट्या गोष्टीतही जीव गुंततो

दोन-तीन तासांचा गेम किंवा शे-दीडशे पानांचं पुस्तक जीव गुंतायच्या आतच संपतं, हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही. 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच' (२०१७) हा व्हिडिओ गेम खेळून बघा, एका बैठकीत होतो. त्यात मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या ल्युईसचा प्रसंग आहे. खेळताना आपण एका हाताने मासा पात्याखाली सरकवायचा, मुंडकं उडालं की पुढचा घ्यायचा. त्याच वेळी दुसऱ्या हाताने ल्युईसला त्याच्या मनातल्या राज्यात हिंडवायचं. हळूहळू ते राज्य पडदा व्यापत जातं, कारखाना दिसेनासा होतो, तरी हात मासे कापतच राहतो. ल्युईसच्या मनाची अवस्था सांगावी लागत नाही, ती आपल्या बोटांना कळते. हे मोठमोठ्या गेम्समध्येही मला क्वचितच सापडलं.

पुस्तकांत विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९). युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि जर्मनी सोडावी लागलेली ज्यू हॅर्टा. मुंबई आली की ताटातूट, म्हणून प्रत्येक पानागणिक धाकधूक वाढते. कादंबरी आणखी लांबली असती तर ही धार नक्कीच बोथट झाली असती. गेमवाल्यांनीही वाचाच, एका रविवारात होते.