१ टीबी कार्ड घेणारा म्युझिक प्लेअर: घेण्याआधी काय तपासावं?

अंतरा_मुखडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. खिशात मावेल असा, फक्त गाणी ऐकण्यासाठीचा प्लेअर घ्यायचा आहे. संग्रह ७८० जीबी, फायली साधारण ४१ हजार. त्यात कॅसेटवरून उतरवलेलं १५० तासांचं रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ वेव्हमध्ये आहे. बाकी सीडीवरून केलेल्या फ्लॅक (दर्जा न घालवता दाबलेल्या फायली) आणि जुन्या एमपीथ्री. टॅग (फाइलमधली गाणं-गायकाची नोंद) बहुतेक सगळे देवनागरीत. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि भावगीतं. कानात घालायचे इअरफोन ३२ ओहमचे, घरी सेनहायझर एचडी ६००. ताम्हिणी घाटाच्या पुढे रेंज नसते, त्यामुळे स्ट्रीमिंगचा उपयोग नाही.

दोन पर्याय डोक्यात आहेत: जुना आयपॉड क्लासिक घेऊन त्यात कार्ड बसवणं, किंवा कार्डाची खाच असलेला नवा प्लेअर. बजेट २५ हजारांपर्यंत. दुकानात फार तर १५-२० मिनिटं हाताळायला मिळेल. तेवढ्यात नेमकं काय बघायचं?

---

षड्ज_पंचम

आधी संग्रहच थोडा हलका करा, मग प्लेअर बघा. २४/९६ वेव्ह म्हणजे तासाला सुमारे २ जीबी. तुमचे १५० तास एकट्याने ३१० जीबी खातायत. कॅसेटची खरखर १६ बिटमध्ये मावणाऱ्या सगळ्यात हळू आवाजापेक्षा कितीतरी वर असते, त्यामुळे जादाचे ८ बिट प्लेअरवर निव्वळ खरखर साठवतात. घरच्या हार्ड डिस्कवर मूळ प्रत तशीच राहू द्या, ती मोडू नका. प्लेअरसाठी १६ बिट, ४४.१ ची फ्लॅक प्रत काढा. खरखर नीट दाबली जात नाही म्हणून ती सीडीच्या फ्लॅकपेक्षा जरा मोठी होईल, तासाला ४०० एमबी धरा. म्हणजे ३१० चे ६० जीबी झाले आणि एकूण संग्रह ५३० च्या आसपास आला. १ टीबीच्या कार्डावर संगणक ९३१ दाखवतो. तेवढ्यात पुढची काही वर्षं आरामात निघतील.

आता मुख्य मुद्दा. खोक्यावर "२ टीबीपर्यंत" लिहिलेलं असतं ते फक्त कार्ड ओळखण्यापुरतं. ४१ हजार फायलींची यादी त्या प्लेअरच्या मेमरीत मावते का, ते वेगळं. लहान, स्वतःची प्रणाली असलेल्या प्लेअरमध्ये यादीला मर्यादा असते. ती ओलांडली की प्लेअर तक्रार करत नाही, उरलेली गाणी नुसती दाखवतच नाही. फोल्डरमधून गेलात तर ती वाजतात, कलाकाराच्या यादीत मात्र सापडत नाहीत. म्हणून माहितीपत्रकात जीबीच्या आधी "जास्तीत जास्त किती गाणी" ते शोधा. आकडा दिलेलाच नसेल तर भरलेलं कार्ड घालून, स्कॅन झाल्यावर एकूण आकडा संगणकावरच्या आकड्याशी ताडून बघा.

---

सोल्डर_पेठ

आयपॉडबद्दल. क्लासिक २०१४ साली बंद झाला, त्यामुळे मिळेल तो वापरलेलाच. जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन घेताना पाठीमागचा मॉडेल क्रमांक वाचा. एमसी२९३ (चंदेरी) किंवा एमसी२९७ (काळा) म्हणजे २००९ चा पातळ १६० जीबीवाला, तोच घ्या. २००७ चे क्लासिक मूळ फर्मवेअरवर (आतल्या प्रणालीवर) १२८ जीबीच्या पुढचा भाग वापरू शकत नाहीत, मग आत कितीही मोठं कार्ड बसवा.

विकणाऱ्यासमोरच एक तपासणी करा. मेन्यू आणि मधलं बटण ६-७ सेकंद दाबून ठेवा. स्क्रीन काळी होऊन ऍपलची खूण आली की लगेच मधलं बटण आणि मागे जायचं बटण धरा. चाचणी मेन्यू उघडतो. त्यात हार्ड ड्राइव्हच्या स्मार्ट माहितीत रीअलॉक्स आणि पेंडिंग सेक्टर्सचे (खराब झालेल्या आणि संशयित जागांचे) आकडे बघा. शेकड्यांत असतील तर डिस्क संपत आलीय. तुम्ही ती काढणारच असाल तर काही बिघडत नाही, पण भाव त्या हिशोबाने करा.

कार्डासाठी आयफ्लॅशचा अडॅप्टर (डिस्कच्या जागी कार्ड बसवणारा) लागतो. खरी अवघड गोष्ट म्हणजे क्लासिक उघडणं. पुढचं आणि मागचं दोन्ही आवरण धातूचं, आतून क्लिपांनी घट्ट धरलेलं. स्क्रूड्रायव्हरने उचकटलंत तर कडा वाकते आणि पुन्हा कधीच सपाट बसत नाही. पातळ पोलादी पट्टी लागते आणि एकेक क्लिप सोडवत जावं लागतं. उघडताना झटका देऊ नका, बॅटरीची चपटी पट्टी मागच्या भागाला जोडलेली असते. तिच्या सॉकेटची खिट्टी नखाने वर करायची, पट्टी ओढायची नाही. ती खिट्टी तुटली की बोर्डाचंच काम निघतं.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं: ऍपलच्या मूळ फर्मवेअरवर फ्लॅक वाजत नाही. एकतर सगळं एएलएसीत (ऍपलचा फ्लॅकसारखा प्रकार) बदला किंवा रॉकबॉक्स हे पर्यायी फर्मवेअर टाका. रॉकबॉक्सवर फ्लॅक उत्तम चालतं, पण देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. तुमचे टॅग बघता मी क्लासिक सुचवणार नाही.

---

तंबोरा_चार_तारा

देवनागरीबद्दल सोल्डर_पेठ यांना पूर्ण अनुमोदन. नव्या प्लेअरमध्येही हीच गोम आहे. दुकानात "हिंदी दिसतं ना?" म्हणून यमन किंवा मारवा असं नाव लावून दाखवतात. ते सगळीकडे बरोबरच दिसणार, त्यात जोडाक्षर नाही आणि पहिली वेलांटीही नाही. तुम्ही "विलंबित" आणि "बागेश्री" लावून बघा. अक्षरजुळणी नसलेल्या प्लेअरवर वेलांटी व च्या पुढे पडते आणि "वलिंबति" असं काहीतरी वाचायला मिळतं. बागेश्रीतला श्र फुटून श, पाय मोडलेला, आणि शेजारी री. ४१ हजार फायली अशा वाचायच्या म्हणजे छळ आहे. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये हा त्रास नाही. लहान प्रणालीवाल्यांत मॉडेलनुसार फरक पडतो, डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी चाचणी ख्याल ऐकणाऱ्याने केलीच पाहिजे. सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतात, पण मध्ये तंबोरा अखंड चालू असतो. प्लेअर अखंड वाजवणारा नसेल तर त्या जागी आवाज तुटतो. घरी ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये २ मिनिटं नुसता तंबोरा घ्या, बरोबर १ मिनिटावर लेबल टाका आणि दोन फ्लॅक फायली करून घ्या. दुकानात पहिलीचे शेवटचे १० सेकंद लावा. सांध्यावर टिचकी, श्वासाएवढी पोकळी किंवा आवाजाची घसरण, यातलं काहीही जाणवलं तर तो प्लेअर बाजूला ठेवा. पूर्ण गाण्यावर हा दोष चटकन कळत नाही, तंबोऱ्यावर लपत नाही.

चाचणी फ्लॅकवरच करा. एमपीथ्री बनवतानाच सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते. फाइलमध्ये त्याची नोंद नसेल तर चांगला प्लेअरही सांधा लपवू शकत नाही, आणि तुम्ही उगाच प्लेअरला दोष द्याल.

---

अंतरा_मुखडा

खूप आभार सगळ्यांचे. आयपॉड रद्द. मग अँड्रॉइडवाल्यांत सोनी ए३०६ आणि फियो जेएम२१ ही नावं समोर येतायत. एचडी ६०० दोन्हींवर चालेल का?

---

ओहम_सोहम

गणित सोपं आहे, दुकानात मोबाइलवरच करा. सोनी ए३०६ ला फक्त ३.५ मिमीचा जॅक, आणि कंपनीचा आकडा १६ ओहमला ३५ मिलिवॅट. म्हणजे व्होल्टेज निघतं सुमारे ०.७५. तेच ०.७५ व्होल्ट एचडी ६०० च्या ३०० ओहमवर घातलं की हातात राहतात जेमतेम २ मिलिवॅट. एचडी ६०० वाजेल, पण जुन्या, हळू आवाजात रेकॉर्ड झालेल्या कॅसेटला आवाज शेवटच्या टोकापर्यंत न्यावा लागेल आणि तरी तबल्याचा बायां पोकळ वाटेल. ३०० ओहमला किमान २ व्होल्ट बघा, म्हणजे १३ मिलिवॅट. फियोला ३.५ सोबत ४.४ मिमीचा बॅलन्स्ड (दोन्ही कानांना वेगळी जोडणी देणारा) जॅक आहे, तो याच कामासाठी. त्याला हेडफोनची वायर मात्र वेगळी लागते, एचडी ६०० ची सुटी होते म्हणून जमतं.

माहितीपत्रकात नुसते मिलिवॅट लिहिले असतील तर ते किती ओहमला, हे नसताना तो आकडा निरुपयोगी.

३२ ओहमच्या इअरफोनची काळजी उलटी. तिथे ताकद पुरते, बॅकग्राउंडची सूं सूं त्रास देते. ती तपासताना गाणं थांबवून ऐकू नका, बरेच प्लेअर थांबल्यावर ऍम्प्लिफायरच बंद करतात. पूर्ण शांत अशी एक मिनिटाची फाइल बनवून ती वाजती ठेवा आणि मग ऐका. प्लेअरचा आउटपुट रोध ४ ओहमच्या आत असावा, म्हणजे इअरफोनच्या आठव्या भागाच्या आत. जास्त असेल तर काही इअरफोनचा बेस बदलतो.

---

षड्ज_पंचम

कार्डाचं राहिलं. महागडं, व्हिडिओसाठीचं वेगवान कार्ड घेऊ नका. २४/९६ फाइल वाचायलाही सेकंदाला सुमारे ०.६ एमबी पुरतो. वेग लागतो तो फक्त कार्ड भरताना. भरताना प्लेअरला केबल लावू नका. यूएसबी २ वर सेकंदाला ३५ एमबी मिळाले तरी ५३० जीबीला चार तासांहून जास्त लागतात, आणि बहुतेकदा तेवढेही मिळत नाहीत. कार्ड काढून यूएसबी ३ च्या रीडरमध्ये घाला, कार्डाचा लिहिण्याचा वेग चांगला असेल तर दोन तासांच्या आसपास काम होतं.

पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) घ्या नाहीतर ऑनलाइन, पक्कं बिल घ्या आणि परत करायची मुदत विचारून ठेवा. नकली कार्डाचा कंट्रोलर १ टीबी सांगतो, आत चिप ६४ जीबीची असते. नावं सगळी दिसतात, ६४ च्या पुढे भरलेलं सगळं मात्र वाजत नाही. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री चालवा. पूर्ण कार्ड लिहून परत वाचायला सहा-सात तास जातात, दुकानात ते शक्य नाही. रात्री लावून ठेवा, आणि ही तपासणी होईपर्यंत त्यावर एकही गाणं टाकू नका.

---

अंतरा_मुखडा

शेवटचं एकच. रागानुसार शोधता यावं यासाठी टॅग कुठे भरू? आणि काही फोल्डरमध्ये १० नंबरचं गाणं २ च्या आधी येतं, ते का?

---

तंबोरा_चार_तारा

राग "संगीतकार" रकान्यात भरा. नाट्यसंगीत आणि भावगीतांत तिथे संगीतकाराचं नाव हवंच, म्हणून हे फक्त ख्याल-ठुमरीच्या फोल्डरांना करा. "राग" नावाचा वेगळा रकाना संगणकावर छान चालतो, पण बहुतेक प्लेअर तो वाचत नाहीत. संगीतकारानुसार यादी मात्र बऱ्याच प्लेअरमध्ये असते. एमपीथ्रीटॅग या टॅग भरायच्या प्रोग्राममध्ये फोल्डर निवडून एका झटक्यात भरता येतं. एकच लेखन ठेवा. "मियाँ मल्हार" आणि "मियां मल्हार" प्लेअरला दोन राग वाटतात.

क्रमाचं कारण: नाव अक्षर म्हणून लावलं जातं, त्यात १ हा २ च्या आधी. फाइलच्या नावात ०२, ०३ असं दोन आकडी लिहा. हे आकडे आणि ट्रॅक क्रमांकाचा टॅग मात्र इंग्रजी अंकांत ठेवा, देवनागरी अंक बरेच प्लेअर संख्या म्हणून वाचत नाहीत आणि तो ट्रॅक क्रमाच्या बाहेर जातो. मुखपृष्ठाचं चित्र ५०० बाय ५०० चं साधं जेपीजी करा. प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्याने उमटणारं) जेपीजी असेल तर बऱ्याच प्लेअरवर नुसती रिकामी चौकट येते.

हे सगळं कार्ड भरण्याआधी संगणकावर उरकून घ्या. नंतर टॅग बदललेत तर प्लेअरला पुन्हा पहिल्यापासून स्कॅन करावं लागतं.