न्यूझीलंड दक्षिण बेट: मोटरहोमने ९ दिवस, सोबत आईबाबा आणि मुलं. मार्ग तपासून द्याल का?

घाटमाथा_नाशिक
नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जातोय. आम्ही दोघं, आईबाबा (वय ६६ आणि ७०), मुलं ५ आणि ९ वर्षांची. क्राइस्टचर्चला सहा जणांचं मोटरहोम (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घ्यायचं आणि तिथेच परत द्यायचं. टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, मिलफर्ड, मग हास्ट खिंडीतून फ्रान्झ जोसेफ आणि आर्थर्स पासवरून परत, असं ठरवलंय. बाबांना माउंट कुक डोळे भरून पाहायचाय. घाटात एवढी मोठी गाडी जमेल का? स्वयंपाक गाडीतच करणार आहोत.

दक्षिणवारा
दादा, मार्ग सुंदर आहे, पण ९ दिवसांत नाही होणार. पश्चिम किनारा, म्हणजे हास्ट-फ्रान्झ जोसेफचा भाग, यावेळी सोडा, मनापासून सांगते. आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन असाच वेढा घातला होता आणि रोज संध्याकाळी गाडी लावेपर्यंत अंधार पडायचा. जे बघायला गेलो ते खिडकीतून मागे गेलं.

मोटरहोमचा वेग लक्षात घ्या. ३,५०० किलोंच्या वरच्या गाडीला मोकळ्या रस्त्यावरही ताशी ९० किमीची मर्यादा आहे, आणि वळणांवर तर ५०-६० वरच राहाल. मागे गाड्या साचल्या की जागा मिळेल तिथे बाजूला थांबून त्यांना पुढे जाऊ द्या. डावीकडूनच चालवायचं असल्याने आपल्याला सवय लवकर होते. एकपदरी पूल मात्र बरेच आहेत. लाल कडेची गोल पाटी आणि तुमच्या दिशेचा बाण लहान व लाल दिसला, तर थांबायचं तुम्ही.

माउंट कुकला दोन रात्री द्या. ३,७२४ मीटरचं शिखर ढगात गेलं तर दिवसभर दर्शन नाही, दुसरी सकाळ हाताशी हवी. पायथ्याशी संवर्धन खात्याचा व्हाइट हॉर्स हिल तळ (रात्री गाडी लावून राहायची जागा) आहे, पण तिथे विजेची जोडणी नाही. आईबाबांसाठी अलीकडचं ग्लेनटॅनर बरं, वीज मिळते. पुकाकी तलावाच्या काठाने येताना गाडी लावायच्या जागा आहेत. बाबांना पुढच्या सीटवर बसवा, मागे बसून घाटात मळमळतं आणि समोरचा डोंगरही दिसत नाही.

तीनचाकी_ते_सहाबर्थ
वरच्या ताईंशी सहमत. क्वीन्सटाउनला लिंडिस पासवरून (९७१ मीटर) क्रॉमवेलमार्गे जा. वानाकाकडून क्राउन रेंजचा रस्ता १,०७६ मीटरपर्यंत चढतो, त्या नागमोडी वळणांवर मोठी गाडी नेऊ नका.

क्वीन्सटाउनहून मिलफर्डला एका दिवसात जाऊन यायचा मोह टाळा. टे अनाऊला मुक्काम करा, तिथून १२० किमी. डिझेल तिथेच भरून घ्या. वाटेतला होमर बोगदा सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब आहे, १९५४ साली खुला झाला आणि आत उतार आहे. मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरच्या घरात पाऊस पडतो, आपल्या आंबोलीसारखा. म्हणून पाऊस असला तरी निघा, कड्यांवरून शेकडो धबधबे सुटलेले असतात. चावऱ्या माश्यांसाठी मलम मात्र विसरू नका. थांब्यावर केआ पोपट आले तर त्यांना खायला घालू नका, गाडीचं रबर ते चोचीने उपटतात.

घाटमाथा_नाशिक
खूप खूप आभार. गाडीतल्या स्वयंपाकाचं आणि शौचालयाचं कसं?

दक्षिणवारा
शेगडी गॅसवर चालते. किटली आणि मायक्रोवेव्हला मात्र तळावरची वीज लागते. फोडणी द्यायच्या आधी छताची झडप उघडा, धुराचा भोंगा लगेच वाजतो. विमानतळावर मसाले, लोणचं, भडंग, सगळं जाहीर करा. लपलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. शौचालयाची पेटी दर दोन दिवसांनी नेमलेल्या जागीच रिकामी करायची. धाकट्याला बालआसन लागेल, सात वर्षांखालच्यांना सक्तीचं आहे, ते आताच नोंदवा.

आणि डिझेल गाडी असेल तर किलोमीटरमागे रस्ताकर वेगळा पडतो. भाड्याची तुलना करताना तो धरा.

घाटमाथा_नाशिक
बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. पश्चिम किनारा रद्द. टेकापो १, माउंट कुक २, क्वीन्सटाउन २, टे अनाऊ २, परतीत ओमारामा १. ते म्हणाले, कुकला तिसरी रात्र मिळते का बघ. क्वीन्सटाउनची एक काढतोय.