ऑटो कीस्टोन: सोय की चित्राचं नुकसान?

पडदेकरी
हल्ली घरगुती प्रोजेक्टरच्या जाहिरातीत एकच गोष्ट मिरवतात: कुठेही ठेवा, कसाही ठेवा, चित्र आपोआप चौकोनी होईल. माझं मत याच्या उलट आहे. ही आपोआप होणारी दुरुस्ती, म्हणजे ऑटो कीस्टोन, बंद करा आणि प्रोजेक्टर सरळ लावा.

प्रोजेक्टर वर तोंड करून ठेवला की चित्राची वरची कड रुंद होते, खालची अरुंद राहते. कीस्टोन प्रकाशाची वाट बदलत नाही. तो आतल्या, चित्र तयार करणाऱ्या चिपवर चित्र उलट्या बाजूने तिरकं करतो, म्हणून भिंतीवर ते चौकोनी दिसतं. वरची कड २० टक्के जास्त रुंद असेल, तर ती खालच्या मापात बसवताना १९२० ऐवजी १६०० पिक्सेलच वापरता येतात. बारीक अक्षरं तिथेच पुसट होतात. बाजूचे पिक्सेल काळे ठेवले तरी त्यांतून थोडा प्रकाश झिरपतोच, म्हणून अंधाऱ्या खोलीत चित्राभोवती करडी किनार दिसते. शिवाय वरची कड लेन्सपासून लांब आणि खालची जवळ, त्यामुळे दोन्हींचा फोकस एकदम जुळत नाही. त्यावर सॉफ्टवेअरकडे इलाज नाही.

लेन्स शिफ्टवाला प्रोजेक्टर घ्या. त्यात लेन्स वरखाली सरकते, चिप आणि पडदा समांतरच राहतात, एकही पिक्सेल वाया जात नाही.

वर्गशिक्षिका
अजिबात पटलं नाही. आमच्या शाळेत एकच प्रोजेक्टर आहे. तो या वर्गातून त्या वर्गात जातो आणि जिथे बाक मिळेल तिथे बसतो. लेन्स शिफ्टवाल्याची किंमत आम्हाला परवडणारी नाही. मी भूमिती शिकवते. पडद्यावर चौरसाच्या बाजू असमान दिसल्या, तर मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर? मला थोडी पुसट अक्षरं चालतील, खोटी आकृती चालणार नाही.

पडदेकरी
मॅडम, त्यासाठी नवा प्रोजेक्टर लागत नाही. टेबलावर ठेवायचे बहुतेक प्रोजेक्टर सपाट ठेवले तरी चित्र लेन्सच्या पातळीच्या वरच टाकतात. त्यांची रचनाच तशी असते. लोक पुढचा पाय उंच करतात आणि तिथून तिरकेपणा सुरू होतो. पाय पूर्ण आत घ्या, टेबलाची उंची बदलून बघा.

तिरपा किरण
दोघांचा वाद दुरुस्तीवर चाललाय. माझ्या मते खरा प्रश्न त्याआधीचा आहे: चूक किती आणि कुठल्या दिशेची, हे यंत्राला कळतं कसं?

स्वस्त मॉडेलमध्ये फक्त कल मोजणारा सेन्सर असतो. त्याला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, भिंत कळत नाही. प्रोजेक्टर डावीकडे वळवला तरी गुरुत्वाकर्षणाची दिशा तीच, म्हणून आडवी चूक त्याला दिसतच नाही. भिंत झुकलेली असेल तर तो चुकीचीच दुरुस्ती करतो. "ऑटो" म्हणून विकलेल्या या प्रकाराबद्दल पडदेकरींचा राग मला मान्य आहे.

कॅमेरा असला की गोष्ट बदलते. सपाट भिंतीसाठी चार कोपरे पुरतात: प्रत्येक बिंदू दोन समीकरणं देतो, चारांची आठ होतात, आणि तिरकेपणाचं गणितही आठ अज्ञातांचंच असतं. घुमट किंवा वाकडी भिंत असेल तर प्रोजेक्टर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे नमुने टाकतो, कॅमेरा ते वाचतो. १९२० स्तंभ ओळखायला ११ नमुने लागतात, १०८० ओळींना आणखी ११. तेवढ्यात कॅमेऱ्याला दिसणाऱ्या प्रत्येक पिक्सेलचा पत्ता मिळतो. या क्षेत्राच्या पायाभरणीत नाशिकचे, पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर होते. १९९८ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या गटासोबत त्यांनी प्रोजेक्टर-कॅमेरा जोडीवर शोधनिबंध लिहिला आणि पुढे स्वतःला सुधारणाऱ्या प्रोजेक्टरवरही काम केलं.

दोन प्रोजेक्टरची चित्रं घुमटावर जोडून दाखवायची असतील तर पडदेकरींची लेन्स शिफ्ट काय करणार? तिथे चित्र डिजिटलीच वाकवावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

पडदेकरी
घुमटासाठी मान्य. घरातली भिंत घुमट नाही.

तीन रंग
मूळ वादापासून थोडं बाजूला, पण लिहितो. तीन पॅनेलच्या एलसीडी प्रोजेक्टरमध्ये पांढऱ्या अक्षरांना लाल किंवा निळी कड दिसली की अनेक जण कीस्टोनला दोष देतात. ती वेगळी चूक आहे. लाल, हिरवा, निळा अशी प्रत्येक पॅनेलवर बनलेली तीन वेगळी चित्रं प्रिझममध्ये एकत्र येतात, पॅनेल किंचित सरकलेलं असलं की रंग सुटे दिसतात. काळ्यावर पांढरी जाळी टाका, प्रोजेक्टर नीट तापू द्या आणि जवळून बघा. कड सगळीकडे सारखी असेल तर दोष पॅनेलचा, मेनूतल्या पॅनेल अलाइनमेंटने बराच आवरतो. फक्त कोपऱ्यांत असेल तर बहुधा लेन्सचा.

आणि चौकोन तपासताना नुसते कर्ण मोजून थांबू नका. वरखाली झुकलेल्या प्रोजेक्टरचा समलंब चौकोन समद्विभुज असतो, त्याचे दोन्ही कर्ण सारखेच भरतात. वरची आणि खालची कड टेपने मोजा.

वर्गशिक्षिका
कर्णांचा हा मुद्दा मी नववीच्या वर्गात प्रोजेक्टरवरच दाखवणार आहे. पाय आत घेऊन, टेबल खाली करूनही बघेन. वरची-खालची कड जुळली तर कीस्टोन बंद. नाही जुळली तर चालूच राहील, पडदेकरी काहीही म्हणोत.